पाण्याआधीचे तीस दिवस

अमेरिकेत पूरविमा घेतला की काही दिवसांनी विमा कंपनीकडून एक पान घरी येतं. त्याला तिथे डिक्लेरेशन पेज म्हणतात. घराचा पत्ता, इमारतीला किती रकमेचं संरक्षण, सामानाला किती, नुकसानीतला कितीचा वाटा आपण सोसायचा, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, असा सगळा तपशील त्यावर असतो. लोक बहुधा रकमा पाहतात आणि पान फायलीत लावून टाकतात. आधी वाचायला हवी ती ओळ मात्र पॉलिसीच्या मुदतीची असते. अमुक तारखेला मध्यरात्र उलटून एक मिनिट झाल्यापासून पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेच्या त्याच मिनिटापर्यंत, असं तिथे लिहिलेलं असतं. त्या पहिल्या मिनिटाआधी घरात आलेलं पाणी विम्याच्या हिशेबात धरलं जात नाही. हप्ता भरून झाला असला तरीही नाही.

समजा, एखाद्यानं ३ मे रोजी अर्ज केला आणि त्याच दिवशी पूर्ण हप्ताही भरला. त्याची पॉलिसी २ जून उजाडताना, म्हणजे १ जूनची मध्यरात्र सरून एक मिनिट झाल्यावर लागू होते. १ जूनला रात्री अकरा वाजता ओढ्याचं पाणी दिवाणखान्यात शिरलं, तर भरपाई नाही. ‘पाणी रात्री अकराला आलं, पण फर्निचर खराब झालं ते २ जूनला, दिवसभर पाण्यात राहिल्यामुळे,’ असं म्हणूनही उपयोग नाही. पॉलिसी सुरू होताना जो पूर आधीच चालू होता, त्याचं नुकसान ती भरून देत नाही. हा मुद्दा ऐकायला सरळ वाटतो, पण या विषयातला सगळ्यात मोठा गुंता तिथेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी हा विमा कुणाचा ते पाहायला हवं. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरविम्यात आग येते, चोरी येते, वादळी वाऱ्यानं उडालेलं छप्पर येतं, पूर मात्र येत नाही. १९२७ साली मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरानंतर खासगी कंपन्यांनी पुराच्या विम्यातून जवळजवळ पूर्ण अंग काढून घेतलं. पुढची चाळीस वर्षं पूरग्रस्तांना सरकारी मदत आणि धर्मादाय संस्था एवढाच आधार होता. सप्टेंबर १९६५मध्ये बेट्सी नावाच्या चक्रीवादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवलं, तेव्हा नुकसानीचा आकडा अब्ज डॉलरच्या वर गेला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६८ साली, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीनं राष्ट्रीय पूरविमा कायदा झाला. या कायद्याखालची योजना आज केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था ‘फेमा’ चालवते. १९८३पासून खासगी कंपन्या आपल्या नावानं या पॉलिसी विकतात आणि दावेही हाताळतात, पण नियम आणि पैसा सरकारचाच. राहत्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि आतल्या सामानाला एक लाख डॉलर एवढं संरक्षण मिळतं.

मग या सरकारी योजनेत तीस दिवसांची वाट का पाहायला लावतात? आग सांगून लागत नाही. पूर पुष्कळदा सांगून येतो. सांगलीत कृष्णेचं पाणी चढू लागलं की घराघरांत आयर्विन पुलाजवळच्या पातळीची विचारणा सुरू होते. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोक्याची. वरच्या धरणांतून किती विसर्ग सुटला, तो किती तासांनी पोहोचेल, याचा अंदाज नदीकाठचे लोक बसल्या जागी सांगतात. मोठ्या नद्यांचं सगळीकडे असंच असतं. वर पाऊस पडतो, खाली पाणी काही दिवसांनी पोहोचतं. या मधल्या दिवसांत विमा विकत घेता आला, तर ज्यांच्या दारी पाणी येणार हे नक्की झालंय तेवढेच लोक तो घेतील आणि पूर ओसरला की सोडून देतील. वर्षानुवर्षं हप्ता भरणाऱ्यांच्या पैशातून त्यांची भरपाई करायची, तर योजना टिकणार नाही.

कायदा करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं, पण सुरुवातीला वाट पाहायची मुदत बरीच कमी होती. १९९४पर्यंत ती अवघी पाच दिवसांची होती. १९९३च्या उन्हाळ्यात मिसिसिपी आणि मिसूरी या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत आठवड्यांमागून आठवडे पाऊस कोसळत राहिला. पुराचा माथा हळूहळू दक्षिणेकडे सरकत होता. सेंट लुईस इथे पाणी सर्वांत वर पोहोचलं ते १ ऑगस्टला, ४९.६ फुटांवर. खालच्या गावांना आपली पाळी कधी येणार याची कल्पना आठवडाभर आधी, काही ठिकाणी त्याहूनही आधी होती. पाच दिवसांची अट अशा पुरापुढे अगदीच तोकडी होती. लोकांनी पाणी येताना पाहून पॉलिसी घेतल्या आणि नियमानुसार त्यांना भरपाई मिळाली. त्यांना दोष देता येत नाही, त्यांनी नियम मोडला नव्हता. पण नियमातली उणीव सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि सप्टेंबर १९९४च्या सुधारणा कायद्यानं पाचाचे तीस दिवस केले. तीस दिवसांची ही मुदत मला रास्त वाटते. महिनाभर आधी पावसाचा नेमका अंदाज कुणालाच देता येत नाही, म्हणून पाणी पाहून विमा घेण्याचा रस्ता तिथे बहुतेक बंद होतो.

पूर ओसरला की पॉलिसी सोडून देण्याची दुसरी वाट वेगळ्या नियमानं बंद केली आहे. ही पॉलिसी एक वर्षाची असते आणि ती मध्येच मनाला येईल तेव्हा रद्द करता येत नाही. घर विकलं, कर्ज फिटल्यामुळे सक्ती उरली नाही, एकाच घरावर चुकून दोन पॉलिसी झाल्या, अशी ठरावीक कारणंच चालतात. जून ते नोव्हेंबर हा अटलांटिकच्या चक्रीवादळांचा काळ. तेवढ्यापुरता विमा ठेवून डिसेंबरात पैसे परत मागणं जमत नाही. १ जूनला वादळांचा हंगाम सुरू होताना संरक्षण हवं असेल, तर अर्ज आणि हप्ता २ मेपर्यंत जायला हवा. वादळाला नाव मिळाल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ २५ तारखेच्या रात्री टेक्ससच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पुढचे काही दिवस ह्यूस्टनवर पाऊस ओतत राहिलं. बातम्या पाहून १८ ऑगस्टला कुणी पॉलिसी घेतली असती, तरी ती १७ सप्टेंबरला लागू झाली असती. तोवर तिथे भिजलेल्या भिंती फोडून वाळवणं चालू होतं.

तीस दिवस मोजायचे कधीपासून? कायद्याचं उत्तर असं: अर्ज पूर्ण भरलेला हवा आणि सुरुवातीचा हप्ता दिलेला हवा. दोन्ही झालं की मोजणी सुरू. नुसता अर्ज दिला आणि धनादेश नंतर पाठवतो म्हटलं, तर मोजणी त्या ‘नंतर’वर अवलंबून राहते. टपालानं येणाऱ्या कागदांसाठी थोडी मोकळीक आहे. अर्जावरच्या तारखेपासून दहा दिवसांच्या आत अर्ज आणि हप्ता कंपनीकडे पोहोचला, तर अर्जाची तारीख धरतात. त्यानंतर पोहोचला, तर पोहोचल्याची तारीख. जूनमध्ये रोज ढग भरून येत असताना या दहा दिवसांना किती किंमत येते, ते सांगायला नको. हप्त्याआधी जोखीम नाही हे तत्त्व आपल्याकडेही ओळखीचं आहे. १९३८च्या विमा कायद्यातलं ६४ व्हीबी कलम हेच सांगतं, की हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनीनं जोखीम घ्यायची नाही. न वटलेल्या धनादेशामुळे दावे अडल्याची प्रकरणं आपल्या ग्राहक आयोगांपुढेही येत असतात.

संरक्षण वाढवायचं असेल, तरी हाच नियम. इमारतीला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते अडीच लाखांचं केलं, तर वरच्या एक लाखासाठी पुन्हा तीस दिवस. मधल्या काळात पूर आला, तर दीड लाखापर्यंतच भरपाई. नूतनीकरणाच्या बिलात महागाईनुसार थोडी वाढीव रक्कम आपोआप सुचवलेली असते. तो पर्याय वेळेत पैसे भरून घेतला, तर मात्र वाट पाहावी लागत नाही.

तीस दिवसांना अपवाद आहेत आणि त्यांतला पहिला न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना नेमका लागू पडतो. गृहकर्ज घेताना, वाढवताना, त्याची मुदत वाढवताना किंवा ते नव्यानं करताना पूरविमा घेतला, तर प्रतीक्षा नाही. व्यवहार पूर्ण होण्याच्या, म्हणजे क्लोजिंगच्या वेळेपर्यंत अर्ज आणि हप्ता दिलेला असला की घराच्या किल्ल्या हातात येताना पॉलिसीही लागू झालेली असते. यामागचं कारण उघड आहे. घर विकत घेण्याची तारीख पावसाकडे बघून कुणी ठरवत नाही. शिवाय फेमाच्या नकाशावर जास्त धोक्याच्या पट्ट्यात येणाऱ्या घरावर कर्ज द्यायचं, तर १९७३च्या कायद्यानं पूरविमा सक्तीचा आहे. आधी विमा सक्तीचा करायचा आणि मग महिनाभर तो लागू करायचा नाही, असं करता येत नाही. कर्ज दिल्यानंतर बँकेच्या लक्षात आलं, की या घराला विमा असायला हवा होता आणि नाही, तर तिच्या सांगण्यावरून घेतलेली पॉलिसीही अर्ज आणि हप्ता दिल्यावर लगेच लागू होते.

पण हा अपवाद कर्जाला चिकटलेला आहे, घराला नाही. मुलांकडे राहायला गेलेले आईवडील भारतातली जागा विकून तिथे रोखीनं छोटं घर घेतात, तेव्हा कर्जच नसतं, म्हणून अपवादही नसतो. त्यांनी क्लोजिंगच्या दिवशी अर्ज केला, तर पहिले तीस दिवस घर उघडं राहतं. यावर एक सरळ उपाय आहे आणि तो फार थोडे लोक विचारतात. विकणाऱ्याची पॉलिसी चालू असेल, तर ती घराबरोबर खरेदीदाराच्या नावावर करता येते. मुदत तीच चालू राहते, त्यामुळे वाट पाहणं येत नाही. घर पाहायला जाल त्या दिवशीच ‘तुमचा पूरविमा चालू आहे का?’ हा प्रश्न विचारावा.

फेमा पूरनकाशे बदलते तेव्हा दुसरा अपवाद येतो. कालपर्यंत कमी धोक्याच्या पट्ट्यात असलेलं घर नव्या नकाशात जास्त धोक्यात गेलं, तर नकाशा बदलल्यापासून तेरा महिन्यांत घेतलेली पॉलिसी एका दिवसात लागू होते. आज अर्ज आणि हप्ता दिला, की मध्यरात्रीनंतर एका मिनिटानं ती सुरू. इथे एक गैरसमज मोडायला हवा. नकाशावरच्या जास्त धोक्याच्या पट्ट्याबाहेर पूर येत नाही असं अनेकजण धरून चालतात. फेमाच्या स्वतःच्या माहितीत मात्र अलीकडच्या काही वर्षांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास दावे त्या पट्ट्याबाहेरच्या घरांचे आहेत. २०२१च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाचा उरलेला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला, तेव्हा नकाशाच्या रेषा पाण्यानं पाहिल्या नाहीत.

तिसरा अपवाद आगीतून आला आहे. डोंगरावरचं रान जळालं, की मातीचा वरचा थर पाणी शोषेनासा होतो. मग साध्या पावसाचंही सगळं पाणी राख, माती, दगड घेऊन खाली धावतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटो गावाच्या वरचे डोंगर थॉमस नावाच्या वणव्यात जळाले. हा वणवा ४ डिसेंबर २०१७ला पेटला. ९ जानेवारी २०१८च्या पहाटे त्या जळक्या उतारांवर पाच मिनिटांत अर्धा इंच पाऊस पडला आणि चिखलाचा लोंढा घरांवर आला. तेवीसजण गेले. तारखा लावून पाहा: वणवा गावाजवळ आल्यावर, समजा १५ डिसेंबरला, कुणी पूरविमा घेतला असता, तर साध्या नियमानं तो १४ जानेवारीला लागू झाला असता, लोंढ्यानंतर पाच दिवसांनी. २०१२च्या कायद्यानं अशा लोकांसाठी वाट ठेवली आहे. केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या वणव्यामुळे पूर आला किंवा वाढला आणि पॉलिसी वणवा आटोक्यात आल्यापासून साठ दिवसांच्या आत घेतलेली असली, तर तीस दिवसांची अट लागत नाही. तो वणवा लॉस पाद्रेस राष्ट्रीय वनात पसरला होता आणि १२ जानेवारीला पूर्ण आटोक्यात आला. या सवलतीचा शिक्का पॉलिसी घेताना मिळत नाही. कागदावर तीस दिवसांनंतरचीच तारीख येते. नुकसान झाल्यावर, दाव्याच्या वेळी, पाणी कुठून आलं ते तपासून अपवाद द्यायचा की नाही ते ठरतं. जळालेल्या डोंगराखाली राहणाऱ्यानं म्हणून ती छापील तारीख पाहून दावा न करता गप्प बसू नये.

आता वर अर्धवट सोडलेली गोष्ट. चालू पूर म्हणजे काय? ओढ्याचा पूर चार तासांचा असतो, तिथे फारसा वाद होत नाही. मिसूरीसारख्या नदीचा पूर तीन महिने चालतो.

२०११च्या वसंतात रॉकी पर्वतात बर्फ खूप साठलेलं होतं आणि मे महिन्यात माँटाना राज्यात धो धो पाऊस झाला. मिसूरीवर लष्कराच्या अभियंता दलाची सहा मोठी धरणं आहेत. ती भरत आली. मेच्या शेवटी दलानं जाहीर केलं, की विसर्ग पूर्वी कधी नव्हता इतका वाढवावा लागेल. १ जूनला नॉर्थ डकोटातल्या गॅरिसन धरणाच्या सांडव्याचे दरवाजे पुराचं पाणी सोडण्यासाठी उघडले गेले. १९५३मध्ये धरण उभं राहिल्यापासून अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. पुढे या धरणातून दीड लाख क्युसेक आणि सर्वांत खालच्या गॅव्हिन्स पॉइंट धरणातून एक लाख साठ हजार क्युसेक पाणी सुटत राहिलं. क्युसेक हे माप तेच, जे कोयनेच्या आणि अलमट्टीच्या बातम्यांत आपण वाचतो. एवढा मोठा विसर्ग ऑगस्टपर्यंत चालला.

नदीकाठच्या लोकांनी मे महिन्यात पॉलिसी घ्यायला सुरुवात केली होती. कुणी २० मेला घेतली असेल, तर ती १९ जूनला लागू झाली. खालच्या राज्यांतल्या काही घरांत पाणी जुलैत पोहोचलं, म्हणजे तीस दिवस पुरते उलटून गेल्यावर. त्यांनी दावे केले. फेमानं मिसूरीच्या खोऱ्यातला पूर १ जूनला सुरू झाला असं ठरवलं होतं. त्या हिशेबानं १९ जूनला पॉलिसी सुरू होताना पूर आधीच चालू होता. घर कोरडं होतं, अंगण कोरडं होतं, नदी गावापासून दूर आपल्या पात्रात होती, तरी शेकडो मैल वरच्या धरणाचा दरवाजा उघडलेला होता.

या निर्णयामागचं तर्कशास्त्र समजतं. सांडवा उघडणार हे जाहीर झाल्यावर खालच्या गावातल्या माणसाला पाणी येणार हे माहीत असतं, आणि माहीत असलेल्या संकटाचा विमा काढू द्यायचा नाही हाच तर तीस दिवसांचा हेतू. पण ज्यानं मेच्या पहिल्या आठवड्यात, त्या घोषणेच्या कितीतरी आधी, नुसत्या बर्फाच्या बातम्या वाचून शहाणपणानं पॉलिसी घेतली, त्यालाही एकाच दोरीनं बांधणं मला अन्यायाचं वाटतं. त्यानं नेमकं तेच केलं होतं, जे सरकार दरवर्षी करायला सांगतं. काँग्रेसलाही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेलाही, ते पटलं असावं. जुलै २०१२मध्ये झालेल्या बिगर्ट-वॉटर्स कायद्यात मिसूरीकाठच्या लोकांसाठी खास तरतूद करण्यात आली. १ मे ते ६ जून २०११ या काळात पॉलिसी घेतलेल्या आणि घेतल्यापासून तीस दिवसांनंतर घर बुडालेल्या लोकांना तिच्यामुळे दाद मिळाली. चालू पूर कधीपासून मोजायचा याची पद्धत तपासून पाहा, असंही त्याच कायद्यानं फेमाला सांगितलं.

आज ती मोजणी अशी आहे. दोन घटनांपैकी जी आधी घडेल ती पुराची सुरुवात. एक, घर ज्या गावाच्या किंवा शहराच्या हद्दीत आहे तिथे पहिल्यांदा पूर आला ती वेळ. दुसरी, ज्या घटनेमुळे तो पूर सुटला ती घडली ती वेळ: सांडवा उघडला, तटबंध फुटला, धरणातून पाणी सोडलं, नदी काठ ओलांडून बाहेर आली. म्हणजे मिसूरीकाठचा धडा नियमात बसला, पण माणसाच्या बाजूनं पाहिलं तर घराच्या उंबऱ्याशी पाणी कधी आलं हा प्रश्न अजूनही मागेच राहतो. मोठ्या धरणाखाली राहणाऱ्याला म्हणून तीस दिवसांवर विसंबता येत नाही. त्याला सांडव्याच्या आधीचे तीस दिवस धरून चालावं लागतं.

एवढं बारीक कुणी वाचत नाही. लोक एजंटला विचारतात आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवतात. ‘आज पैसे भरा, उद्यापासून लागू,’ असं एखाद्या एजंटनं गैरसमजातून सांगितलं तर? तर फार वाईट. पूरविम्याची पॉलिसी हा केंद्र सरकारच्या नियमांचाच भाग आहे. तिची कलमं एजंटला, कंपनीला किंवा दावा तपासणाऱ्याला आपल्या अखत्यारीत शिथिल करता येत नाहीत. याचं मूळ १९४७च्या एका निकालात आहे. आयडाहो राज्यातल्या शेतकऱ्यांनी हिवाळी गव्हाचं पीक गेलेल्या चारशे एकरांत पुन्हा वसंतात गहू पेरला. सरकारी पीकविम्याच्या स्थानिक माणसांनी त्यांना सांगितलं, की सगळ्या पिकाचा विमा होईल. अर्ज स्वीकारला गेला. दुष्काळात पीक जळालं आणि मग कळलं, की पुन्हा पेरलेल्या गव्हाला विमा नाही, असं राजपत्रात छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: सरकारशी व्यवहार करणाऱ्यानं छापलेला नियम जाणला पाहिजे, स्थानिक माणसानं काहीही सांगितलं असलं तरी. पीकविम्याचा हा निकाल पूरविम्याच्या दाव्यांत आजही दाखवला जातो. चुकीचं सांगणाऱ्या एजंटवर राज्याच्या कायद्याखाली वेगळा खटला भरता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे. म्हणून तारीख तोंडी ऐकून समाधान मानू नये. ती त्या पानावर छापून आलेली पाहावी.

नूतनीकरणाच्या तारखेचे नियम मात्र बरेच माणुसकीचे आहेत. मुदत संपल्यावर तीस दिवस सवलतीचे मिळतात. १० ऑगस्टला मुदत संपली आणि या तीस दिवसांत हप्ता पोहोचला, तर पॉलिसी खंड न पडता चालू राहिली असं धरतात. मधल्या काळात, समजा २५ ऑगस्टला पूर येऊन गेला असेल, तर त्याचीही भरपाई मिळते. इथे पाणी पाहून हप्ता भरणं चालतं, कारण हा माणूस आधीपासून योजनेत होता. हे दिवस सरले, की मात्र तो पुन्हा तीस दिवसांच्या रांगेत उभा राहतो, आणि हप्त्यात मिळत असलेली जुनी सवलतही जाऊ शकते.

योजनेच्या वर आणखी एक तारीख टांगलेली असते. ही योजना काँग्रेसच्या मुदतवाढीवर चालते आणि ती मुदतवाढ कधी कधी वेळेत मिळत नाही. २०१०च्या जून महिन्यात संपूर्ण महिनाभर नवी पॉलिसी देता आली नाही आणि पूरविमा सक्तीचा असलेल्या घरांचे खरेदीव्यवहार अडकून पडले. २०२५च्या ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज ठप्प झालं, तेव्हाही तसंच झालं. आधीच्या पॉलिसी अशा वेळी मुदत संपेपर्यंत चालू राहतात आणि त्यांचे दावेही ग्राह्य असतात. खासगी कंपन्या आता पुन्हा पूरविम्यात उतरल्या आहेत. त्यांची प्रतीक्षा अनेकदा दहा-चौदा दिवसांची असते, पण वादळ समुद्रात उठलं की त्या भागात नव्या पॉलिसी देणं त्या थांबवतात.

या सगळ्यात मला सर्वांत काळजी वाटते ती कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांची आणि त्यांच्या वारसांची. कर्ज चालू असतं तोवर बँक पहारा देते. हप्ता चुकला, तर नोटीस पाठवते, आणि पंचेचाळीस दिवसांत पॉलिसी दाखवली नाही, तर स्वतःच विमा घेऊन त्याचे पैसे कर्जदाराकडून वसूल करते. महाग पडतं, पण घर उघडं राहत नाही. कर्ज फिटलं, की हा पहारा उठतो. मग नूतनीकरणाचं बिल फक्त घरमालकाच्या पत्त्यावर येतं. आई वारली, घर मुलांच्या नावावर व्हायला वर्ष लागलं, तोवर टपालपेटीतली पाकिटं कुणी उघडली नाहीत, आणि सवलतीचे तीस दिवस निघून गेले. वारसांना नवी पॉलिसी घेता येते. कर्ज नसल्यामुळे अपवाद मात्र मिळत नाही, आणि मोजणी पहिल्या दिवसापासून होते. मृत व्यक्तीच्या नावावरची पॉलिसी चालू असतानाच कंपनीला कळवून वारसांनी हप्ता भरला, तर हे टळतं. अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या मुलांनी पॉलिसीवर आपला पत्ता दुसरा पत्ता म्हणून नोंदवून ठेवावा. त्यासाठी एजंटला एक फोन पुरतो, आणि तो कुठल्याही महिन्यात करता येतो.